बावीस दिवसांची माय

लोणखेडा,
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ममताताईस,
चेतनाचा वाकून नमस्कार. वि. वि. आम्ही इकडे सर्व ठीक. कळसाडीची खुशाली तुझ्या हातची वाचायला मिळावी.

परवा तू फोन दोनदा आपटलास, म्हणून आज कागद घेतला. आप्पांचा नियम तुला आठवतच असेल. रागाचं बोलणं तोंडाने बोलायचं नाही, लिहायचं, एक दिवस उशीखाली ठेवायचं आणि मग पेटीत टाकायचं. गावचं पोस्ट तीस वर्षं सांभाळलेल्या माणसाच्या आपण मुली. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण फोनवर आपलं दोघींचं अजून जमत नाही आणि कागदावर जमतं.

तर बातमी अशी, की मायला माझ्याकडे येऊन आज तेवीस दिवस झाले. तुझा आकडा आज मोडला! तुला टायफॉईड झाला तेव्हा माय तुझ्याकडे बावीस दिवस राहिली होती, हे तू गेली तेरा वर्षं प्रत्येक लग्नाच्या मांडवात ऐकवतेस. आता मांडवात मीही काही ऐकवीन. रागावू नकोस, चेष्टा करते.

टाचेची जखम अजून ओली आहे. नवापूरला आपल्या भावाच्या, नवनीतच्या, कोंबड्यांच्या शेडमध्ये नव्या चपलेने टाच सोलली, मायने कुणाला सांगितलं नाही आणि साखर असल्यामुळे ती चिघळली. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, सहा आठवडे रोज पट्टी. माय कशी तयार झाली ते तुला ठाऊक आहे. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे तिच्या हाडात बसलंय. फक्त आजारपणाला सूट, तीही आप्पांनी तुझ्या टायफॉईडच्या वेळी दिलेली. इथेही पहिले चार दिवस ती स्वतःचा तांब्या आणि नवापूरहून आणलेली पाण्याची बाटली घेऊन बसली होती. आता पिते. परवा तर चुलीवर खापर पालथं घालून तिने पुरणाचे मांडे केले. स्वतः एक घास खाल्ला नाही, आम्हाला मात्र पोट फुटेस्तोवर वाढले. आमचे भावेश म्हणाले की ममताताईंना बोलवायला हवं होतं. मी म्हटलं, त्यांना राग येईल.

दवाखान्यात आम्हा नर्सना एक नवंच काम निघालंय. डॉक्टरीणबाई जनरल ओपीडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक कागद देतात. ताप असो, बी.पी. असो, कंबरदुखी असो. कागदावर विचारलंय, की तुम्ही कधी स्वतःला मुद्दाम त्रास करून घेतलाय का? शिक्षा म्हणून उपाशी राहिलात का? औषध जाणूनबुजून सोडलंय का? जखम बरी होऊ नये असं काही केलंय का? आणि याहून अवघडही. नाव लिहायचं नाही. फक्त बाई की पुरुष आणि कशासाठी आलात एवढंच. कागद पत्र्याच्या पेटीत टाकायचा. फट पाहून मला आप्पांची टपालपेटीच आठवली. पहाडावरून येणाऱ्या बायकांना त्यांच्या बोलीत विचारायला आमची रूपलीबाई बसते. मला वाटतं, लोक रागावून निघून जातील. आपल्याकडे असं कोण करतं?

मंगळवारी मायची पट्टी बदलायची असते. येऊन जा. तुझी साखरही कधीची तपासली नाहीस. दाजींना नमस्कार.

तुझी धाकटी म्हणून मला जे मिळायचं ते मिळत राहू दे,
चेतना

*

कळसाडी,
दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चेतनास,
ममताचे अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. एक दिवस नाही, चार दिवस उशीखाली ठेवलं, तरी राग गेला नाही. म्हणून रागातच लिहिते.

तेवीस दिवस झाले, आनंद आहे. पेढे वाट. माझे बावीस दिवस मी मांडवात ऐकवते, कारण ऐकवायला माझ्याजवळ दुसरं काही नाही. तू शेंडेफळ. तू आठवीपर्यंत मायच्या कुशीत झोपलीस. मी आठव्या वर्षी शहाद्याला मामाकडे शाळेला गेले, तिथून हॉस्टेल, तिथून सरळ या घरात. मायच्या हातची भाकरी मी पाहुणी म्हणूनच खाल्ली. माझ्या घरी ती राहिली ती फक्त तेव्हा, आणि मला ते बावीस दिवस तासातासाने आठवतात. सकाळी ती कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी थापायची आणि थापण्याच्या आवाजावरून मला कळायचं, की आज ती खुशीत आहे की रागात आहे. ताप उतरला तेव्हा मी रडले होते. सासूबाईंना वाटलं, देवाचे उपकार मानतेय.

मांडे केले, छान. खापर कुठून आणलं? आमच्याकडे खापर आहे. माडीवर पालथं पडलंय. सहा वेळा मायला म्हटलं, की दोन दिवस ये, उसाचा ताजा रस पी, झोके घ्यायला बंगई आहे, मोकळी हवा आहे. प्रत्येक वेळी तिचं एकच, की वं माय, बिनकामाचं लेकीच्या दारात कसं बसू, लोक काय म्हणतील. तुझ्याकडे मात्र काम निघालं. टाचेएवढं काम.

तुझ्या दवाखान्यातल्या कागदाचं म्हणशील, तर डॉक्टरीणबाईंना उद्योग नाही. पेशंटला गोळी द्यावी आणि घरी पाठवावं.

मी बरी आहे. जरा वाळले आहे, पोलकी सैल झालीत. हे म्हणतात, की उशाशी तांब्या ठेवतेस तो पहाटेपर्यंत कोरडा असतो. मागच्या आठवड्यात फडात पायाच्या बोटाला उसाचा बुडखा लागला. तेही अजून ओलंच आहे, पण आमच्या बोटाकडे कोण बघतंय! मायच्या टाचेची सर माझ्या बोटाला थोडीच येणार.

पुढच्या मंगळवारी येते. मायला सांग, तिच्यासाठी शेवग्याच्या शेंगा आणते. तू शिजवू नकोस, तिला शिजवू दे.

भावेशरावांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, बोलवायचं मनात आलं तरी पुष्कळ झालं.

राग आहे म्हणजे माया आहे, एवढं समजून घे,
ममता

*

लोणखेडा,
दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ममताताईस,
चेतनाचा नमस्कार. वि. वि. दिवाळी गडबडीत गेली. भाऊबीजेला तू नवनीतकडे आली नाहीस म्हणून तो खट्टू आहे. पायाचं कारण कळवलंस ते मी त्याला सांगितलं.

आज मी चेष्टा करणार नाही. 

पेटी उघडली. चारशे बारा कागद निघाले. मी आणि डॉक्टरीणबाई तीन दिवस ते वेगळे करत बसलो. मला वाटलं होतं, होय लिहिलेले दोन-चार निघतील. एक्क्याण्णव निघाले, ताई. दर चार-पाच माणसांमागे एक. आणि हे काही मनाच्या आजाराला आलेले लोक नव्हेत. बी.पी.चे पुरुष, गुडघ्याच्या बायका, खोकल्यावर औषध न्यायला आलेले. आपण त्यांना विचारतो, की जेवण होतं का, झोप लागते का. हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तर त्यांनी सांगितलं. एका कागदावर रूपलीबाईने पहाडावरच्या कुणा पावरी बाईचं उत्तर लिहून घेतलंय, की हे आजवर मी झाडालासुद्धा सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला आणि तो कागद पुन्हा वाचला. आता मी ओपीडीत उभी राहिले की रांगेतलं पाचवं माणूस मोजते. मग लाज वाटते, मग पुन्हा मोजते.

आता खरी गोष्ट. तुझं अक्षर मी कुठेही ओळखीन. आप्पांनी शिकवलेला तो लांब शेपटीचा र फक्त तूच काढतेस. तू आलीस त्या मंगळवारी मायला लिहिता येत नाही म्हणून तिचा कागद तू भरलास आणि स्वतःचाही भरलास. तुझ्या अक्षरातले ते दोन्ही कागद माझ्या हाताला लागले. दोन्हींवर बाई, दोन्हींवर साखरेचा आजार. एका कागदावर सगळ्या प्रश्नांना नाही. दुसऱ्यावर तीन ठिकाणी होय. उपाशी राहणं होय. औषध सोडणं होय. जखम बरी होऊ न देणं होय.

मी तो कागद हातात घेऊन उभी राहिले आणि सगळं एकदम कळलं. सहा आठवड्यांत भरायची टाच आठ आठवडे झाले तरी का भरत नाही? माय नवापूरला परत जायचं नाव का काढत नाही? टाच बरी झाली की सूट संपली, हे तिला ठाऊक आहे. ताई, माय आपल्याकडे राहता यावं म्हणून स्वतःची टाच सडवतेय. मी नर्स आहे, रोज माझ्या हाताने पट्टी बदलते आणि मला दिसलं नाही.

तुझ्यापुढे तिने होय म्हटलं तेव्हा तिचा चेहरा कसा होता? तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? नाव न लिहिण्याचं वचन दिलेलं असतं, ते मी मोडतेय हेही मला कळतंय. पण ती आपली माय आहे. लगेच लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
चेतना

*

कळसाडी,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. चेतनास,
ममताचे आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माडीवर जाऊन.

मी काय लिहू? वचन दिलेलं असतं, तर ते मोडू नये. कागद भरून घेणाऱ्याने कुणी काय म्हटलं ते सांगू नये. रूपलीबाईने बाकावर बसलेल्या सगळ्यांना तेच बजावलं होतं आणि तिचं मला पटलं होतं.

तुला आता कळलं का, की तेवीस दिवसांचा टेंभा मिरवण्यात अर्थ नसतो? तू मांडे खाल्लेस, मायला तेल लावून दिलंस, शेजारणींना बोलावून दाखवलंस. तिची टाच पाहिली नाहीस. माझ्याकडे असती तर मी पाहिली असती. हे लिहिताना मला बरं वाटतंय आणि बरं वाटतंय याची किळसही येतेय. पण आप्पा म्हणायचे, की कागदावर खोटं लिहू नये. म्हणून दोन्ही लिहिते.

मायला काही विचारू नकोस. टाच भरेल. चेहरा कसा होता म्हणतेस, तर बाकावर ती हसत होती. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, की किती वाळनी वं तू. बस, एवढंच झालं.

आमच्याकडे कापूस वेचणी चालू आहे. मजुरांच्या भाकरी करताना चुलीपुढे दोनदा चक्कर आली. यांनी शहाद्याला चल म्हणून हट्ट धरला, मी टाळला. बोटाला थोडा वास येतो. हळद लावते.

मायला सांग, ममताला ताप भरल्यासारखं वाटतंय. काही म्हणाली तर कळव.

जमेल तेवढी आठवण ठेव,
ममता

*

लोणखेडा,
दि. २८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ममताताईस,
नमस्कार. वि. वि. माय काल नवापूरला परत गेली.

तू विचारू नकोस म्हणाली होतीस. मी थेट विचारलं नाही, त्याहून वाईट केलं. पट्टीवर पेनाने खूण करून ठेवायला लागले. तिच्या गोळ्या माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि तिने गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला सांगितलं. आंघोळीला गेली तरी मी दाराशी उभी राहायची. चार दिवस तिने सांगितल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी तिने मला समोर बसवलं आणि विचारलं, की मी काय चोरी करी ऱ्हायनू का, तू मन्हा मांगे का फिरस? मग मी सगळं सांगून टाकलं. कागदाचं, होयचं, टाचेचं.

ती रडली असती तर मला चाललं असतं. ती उठली, तांब्या विसळला, नवापूरहून आणलेली ती बाटली शोधून नळाखाली भरायला गेली आणि नळ बंद करून रिकामीच पिशवीत टाकली. म्हणाली, की लेकीच्या घरचं पाणी प्याले ती माझीच चूक, आता त्याची चव समजली. नवनीत येऊन तिला गाडीने घेऊन गेला. जाताना भावेशच्या पाया पडायला लागली, जावई म्हणून. माझ्याकडे पाहिलं नाही.

तुझ्या तापाचं मी सांगितलं होतं. तेव्हा म्हणाली होती, की टाच भरली की ममताकडे जाईन. आता ती कुणाकडेच जाणार नाही असं म्हणते.

एक गोष्ट सुटत नाही. तिने जायच्या आधी दारात उभं राहून शपथ घेतली, की त्या बाकावर मी सगळ्याला नाहीच म्हटलं होतं, ममताला विचार. आप्पांची शपथ घेतली. माय आप्पांची शपथ खोटी घेईल का? ताई, मला फार भीती वाटतेय आणि ती कशाची हे कागदावर लिहवत नाही.

चेतना

*

कळसाडी,
दि. १ डिसेंबर २०२४

चि. चेतनास,
आशीर्वाद. मायने शपथ खरी घेतली. तो दुसरा कागद माझा.

आता सावकाश वाच. हे पत्र मी उशीखाली ठेवणार नाही. ठेवलं तर जाणार नाही.

त्या मंगळवारी मी आधी मायचा कागद भरला. एकेक प्रश्न वाचला. ती हसायची आणि म्हणायची, की हट, असं कोनी करस का. मग माझा घेतला. मी भराभर नाही-नाही लिहून मोकळी होणार होते. पण रूपलीबाई म्हणाली, की बाई, नाव नाही लिहायचं, कुणाला कळत नाही. आणि तू समोर मायच्या पायाशी बसून पट्टी गुंडाळत होतीस. मायचा हात तुझ्या डोक्यावर होता. माझ्या पेनाने होय लिहिलं. मग पुढे लिहीतच गेले. चेतू, इतकी वर्षं मला साखर आहे, कुणी असं विचारलंच नव्हतं. लिहून पेटीत टाकलं तेव्हा वाटलं, पत्र टाकलं. कुणाला, ते मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात तुझा फोन आला, की माय माझ्याकडे राहायला आली. त्या दिवसापासून मी गोळ्या सोडल्या. ठरवून सोडल्या असं म्हणवत नाही. डबी उघडायची आणि मिटायची. मनात एवढंच यायचं, की मी पडले तर मायला यावंच लागेल. तिला सूट मिळेल. बोटाला लागलं तेव्हा मला आनंद झाला, हे तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. उपास धरले, सासूबाईंना सांगितलं नवस आहे. मी चाळीस वर्षांची बाई, दोन मुलं नाशिकला इंजिनियरिंगला आहेत, आणि मी मायने यावं म्हणून आजारी पडत होते.

तुझा माझ्यावर नाही, मायवर संशय गेला. तेव्हा मी एका ओळीत तुझा गैरसमज काढू शकले असते. नाही काढला. कारण तुझ्या घरचे मांडे कडू झाले याचा मला आनंद झाला होता. मला वाटलं, आता ती तुझ्याकडून निघेल आणि माझ्याकडे येईल. ती निघाली, पण माझ्याकडे आली नाही, आणि तुझ्याकडेही तिला मी राहू दिलं नाही. हेव्याने मी एवढं मिळवलं.

बोट काळं पडलंय. यांना दाखवलेलं नाही, मोजे घालते. मला मरायचं नाही, चेतू. मला फक्त ती यायला हवी होती. आता मात्र भीती वाटते.

मायला नवापूरला कळव, की ममता खोटं बोलली नाही, पण गप्प राहिली. ते खोट्याहून वाईट झालं.

मी अजून तुझी ताई असेन तर ये,
ममता

*

लोणखेडा,
दि. १९ जानेवारी २०२५

ती. सौ. ममताताईस,
चेतनाचा नमस्कार. वि. वि. तुझं ते पत्र मिळालं त्या दिवशी मी उत्तर लिहीत बसले नाही, भावेशच्या मोटरसायकलवर मागे बसून सरळ तुझ्या ओट्यावर आले. नंतर बावीस दिवस दवाखान्यात रोज भेटतच होतो, म्हणून लिहिणं राहिलं. होय, बावीसच. मी मोजले. आता घरी गेलीस, तर आप्पांच्या पद्धतीने राहिलेलं लिहिते.

एक बोट गेलं. पाऊल वाचलं. शल्यविशारद म्हणाले, की आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापर्यंत पाय कापावा लागला असता. ते तुझ्यासमोर म्हणाले नाहीत, मी आता सांगते. तुला राग आला तर येऊ दे.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं कबूल केलं. त्या मला ओरडल्या आणि ते बरोबर होतं. कागदावर नाव नव्हतं, ताई. ते मी घातलं, आणि तेही चुकीचं. शिवाय होय लिहिणारी माणसं आपण नुसती मोजली, त्यांना परत बोलवायची सोय केलीच नव्हती, हे त्यांनी स्वतःहून मान्य केलं. आता पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, की बोलायचं असेल तर मंगळवारी चार नंबरच्या खोलीत या. तुला पहिल्या मंगळवारी तिथे बसलेली पाहिलं आणि मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. पुढचे मंगळवारही चुकवू नकोस. दाजी स्वतः आणून सोडतो म्हणाले आहेत.

मायचं तुला लागलंय ते मला कळतं. दवाखान्यात ती तीनदा आली, तुझ्या उशाशी बसली, डोक्यावरून हात फिरवला, पण घरी सोडताना तुझ्याबरोबर कळसाडीला आली नाही. तू गाडीच्या काचेतून पाहत राहिलीस. तुला वाटलं असेल, इतकं करूनही नाहीच. ती का आली नाही ते ऐक. चार नंबरच्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशक बाईंनी तुझ्या परवानगीने तिला बोलावून समजावलं होतं. दोन तास. मी बाहेर होते. बाहेर आल्यावर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, की आम्ही आजारपणाला सूट दिली आणि पोरी आजारपण मागायला शिकल्या. आप्पांचं आणि माझं चुकलं. इतकंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग मला म्हणाली, की तुझ्यावर राग आहे, पण तुझ्या हातची पट्टी चांगली होती. तिची टाच नवापूरला गेल्यावर पंधरा दिवसांत भरली. तिथे पथ्याचं कामिनीवहिनी बघते. मी दहा आठवडे तिला शेजारीपाजारी मिरवत गोडधोड खाऊ दिलं, हे आता कबूल करते. मी एवढी नर्स, पण माझ्याकडेच ती बरी होत नव्हती, आणि कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं.

आणि तू एकटीच हेवा करतेस असं समजू नकोस. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा आप्पा दर शनिवारी तुला पत्र लिहायचे. मी त्यांच्या मांडीवर बसून पाहायची. शेवटी ते माझा अंगठा शाईत बुडवून उठवायचे आणि म्हणायचे, की चेतूचाही नमस्कार. मला कधीच पत्र आलं नाही, कारण मी घरातच होते. तुझ्या पेटीत आप्पांची एकशे चाळीस पत्रं आहेत. माझ्याजवळ एकही नाही. मायचे तेवीस दिवस मी तुला ऐकवले ते त्याचंच उट्टं होतं.

गोळ्यांची डबी दाजींच्या हातात दे आणि आरशात बघून हस.

आता खरंच सगळं सांगून झालेली,
चेतना

*

कळसाडी,
दि. ५ मार्च २०२५

चि. सौ. चेतनास,
ममताचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सर्व बरे आहोत, आणि या वेळी हे वाक्य सवयीने लिहिलेलं नाही.

शुक्रवारी पट्टी कायमची सुटली. साखर जेवणाआधी एकशे अठरा. मंगळवार एकही चुकलेला नाही. मध्ये दोन दिवस डबी पुन्हा उघडून मिटली होती. तेव्हा यांना सांगितलं, खोली नंबर चारमध्येही सांगितलं. सांगता येतं हेच नवीन आहे. त्या बाई म्हणतात, की हे एकदम जाणार नाही, पण आल्यावर बोलायचं. बोलते.

नवनीतचा दर रविवारी फोन यायचा. मागून मायचा आवाज एकच विचारायचा, की जखम भरली का? मी नाही म्हटलं की ती फोन ठेवायला सांगायची. मला दरवेळी वाईट वाटायचं, की हिला माझी जखमच तेवढी हवी. या रविवारी मी म्हटलं, की भरली, पट्टी निघाली, पायात चप्पल घालते. ती बरं म्हणाली आणि फोन बंद झाला. 

परवा सकाळी अकराच्या एस.टी.ने माय आली. एकटी. नवनीतला न सांगता नवापूरहून निघाली होती, दोन गाड्या बदलून. मी ओट्यावर हरभरा पाखडत होते. मला वाटलं कुणी गेलं. धावत गेले आणि विचारलं, की काय झालं, कोण आजारी आहे? तिने आधी माझा पाय पाहिला. चपलेतून बाहेर काढायला लावला, बोट नाही तिथे अंगठा फिरवला. मग म्हणाली, की कोनी आजारी नै शे. मन्ही पोर बरी व्हयनी, म्हनीसन उनू. आजारी म्हणून नाही, बरी झाले म्हणून आली, चेतू!

सासूबाई ओसरीतून पाहत होत्या, समोरच्या दोन घरांतल्या बायका दारात आल्या होत्या. तिच्या हातात पिशवी होती. मी बाटली शोधली. नव्हती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं मला पाणी मागितलं. मी आणलं. उभ्याने, पूर्ण तांब्या प्याली, खाली ठेवला आणि सासूबाईंना म्हणाली, की विहीणबाई, पाणी गोड आहे तुमचं, आता मी येत जाईन.

आल्यापासून तिने एक नियम लावलाय. माझी साखर ठीक असेल तोवर ती राहणार. चढली की नवापूरची गाडी धरणार. मी म्हटलं, असं कुठे असतं का? ती म्हणाली, की मन्हा घरमा आते असंच. खापर माडीवरून उतरवलंय. मांडे केले, मला अर्धा दिला आणि डबी पुढे सरकवली.

तुला हेवा वाटतोय ना? वाटू दे. पण शनिवारी ये, तिने तुला बोलावलंय. येताना रिकाम्या हाताने ये, जाताना तुझ्याजवळ काहीतरी असेल. मी आप्पांच्या पत्रांची पेटी काढून बसले आहे. एकशे चाळीस नाहीत, एकशे त्रेचाळीस आहेत. प्रत्येकाच्या तळाशी तुझा अंगठा आहे. सत्तर तुझी, सत्तर माझी. वरची तीन मायला वाचून दाखवू, तिने ती कधी ऐकलीच नाहीत.

आज तिसरा दिवस. यापुढे मी मोजणार नाही.

तुझ्या वाट्याचं तुला देऊनही भरलेली,
ममता